गिअरबॉक्स निवडताना पहिले दहा मीटर

गाडी घ्यायची ठरली की घरात चर्चा रंगते ती रंगाची, आतल्या पडद्याच्या आकाराची आणि छताला काच असावी की नसावी याची. गिअरबॉक्सचा विषय बहुधा सर्वांत शेवटी निघतो आणि ‘ऑटोमॅटिक घ्यायची का?’ या एका प्रश्नावर संपतो. वास्तविक ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाखाली निदान चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात: एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर आणि डीसीटी. त्यांची रचना एकमेकांपासून इतकी भिन्न असते की एकीवर खूश असलेला माणूस दुसरीला आठवड्याभरात वैतागतो. पुढचा आढावा मॅन्युअल आणि या चार प्रकारांपैकी काय घ्यावे याबद्दल ज्यांचे मन अजून पक्के झालेले नाही, त्यांच्यासाठी आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना या सर्व प्रकारांत चालवणाऱ्याला जाणवेल असा फरक फार थोडा उरतो. फरक कळतो तो गाडी जागची हलताना, म्हणजे पार्किंगमधून मागे घेताना, चढावर थांबून पुन्हा निघताना किंवा कोंडीत इंचाइंचाने सरकताना. गिअरबॉक्सची पारख या पहिल्या दहा मीटरमध्ये होते. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह मात्र नेमकी सपाट आणि मोकळ्या रस्त्याने काढली जाते, आणि शेजारी बसलेला विक्रेता त्या वेळात पडद्यावरच्या सोयी दाखवत असतो.

पहिल्या दहा मीटरना इतके महत्त्व का, याचे कारण साधे आहे. पेट्रोलचे किंवा डिझेलचे इंजिन शून्य गतीवर चालू राहू शकत नाही. नुसते चालू ठेवले तरी ते मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असते. चाके मात्र थांबलेली असतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांच्यातली तफावत गाडी उचलताना कशाच्या तरी घसरण्यात मुरवावी लागते. घसरते ती कोरडी चकती, तेलात बुडालेल्या चकत्या की नुसते तेलच, यावर त्या गिअरबॉक्सचा स्वभाव आणि बऱ्याच अंशी त्याचे आयुष्यही ठरते.

मॅन्युअल गाडीत क्लचची कोरडी चकती घसरते आणि ती किती घसरावी हे डावा पाय ठरवतो. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडण्याआधी चक्रांचे वेग जुळवणारी यंत्रणा, आणले, त्यामुळे गिअर खरखर न करता पडू लागले. पण क्लचची जबाबदारी तेव्हापासून आजपर्यंत चालवणाऱ्याकडेच राहिली आहे. मला स्वतःला हाताने गिअर टाकण्यात आनंद वाटतो. वळणाआधी एक गिअर खाली घेऊन इंजिनचा आवाज बदलताना ऐकणे यासारखे सुख नाही, असे मी कितीही वेळा म्हणायला तयार आहे. तरीही रोज तासभर कोंडीत अडकणाऱ्या माणसाला मी मॅन्युअल घ्या असे सांगत नाही, कारण त्या तासात गिअर बदलण्याची मजा नसते, केवळ क्लच दाबून सोडण्याची हमाली असते. मॅन्युअलच्या बाजूने व्यवहाराच्या दोन गोष्टी आहेत. रचना सोपी असल्याने दुरुस्ती जवळपास कोणताही बरा मेकॅनिक करू शकतो, आणि क्लच झिजला तरी तो बदलण्याचा खर्च आधी अंदाज करता येण्याजोगा असतो. हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवण्याची सवय असेल, तर तो खर्च अर्थातच लवकर येतो.

एएमटी म्हणजे तोच मॅन्युअल गिअरबॉक्स. फरक इतकाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी हायड्रॉलिक किंवा विजेवर चालणारी यंत्रणा करते. या कल्पनेचे खानदान मोठे आहे. १९८९ साली ब्राझीलची फॉर्म्युला वन शर्यत नायजेल मॅन्सेलने स्टीअरिंगमागच्या पॅडलनी गिअर बदलणाऱ्या फेरारी ६४० मधून जिंकून दाखवली आणि १९९७ साली हाच प्रकार फेरारीच्या एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत आला. आज तीच कल्पना सर्वांत स्वस्त ऑटोमॅटिक म्हणून छोट्या गाड्यांत बसते. वजन कमी, किंमत कमी आणि मायलेज मॅन्युअलच्या जवळपास, हे तिचे गुण खरे आहेत. दोष असा की गिअर बदलताना क्लच सुटतो, क्षणभर इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि प्रवाशांच्या माना पुढे डुलतात. बदलाच्या वेळी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडला तर ही डुलकी बरीच कमी होते. म्हणजे पाय मोकळा झाला तरी मन मोकळे होत नाही. ज्याने मॅन्युअल गाडी वर्षानुवर्षे चालवली आहे, तो हे आठवड्यात शिकतो. ज्याने ऑटोमॅटिकवरच शिकायचे ठरवले आहे, त्याला मात्र गाडीतच काहीतरी बिघाड आहे असे वाटत राहते.

एएमटीची पहिल्या दहा मीटरची कसोटी चढावर लागते. ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी हळूहळू पुढे सरकण्याचा गुण तिच्यात रचनेने नसतो. तो सॉफ्टवेअरने आणलेला असतो आणि काही गाड्यांत तो इतका दुबळा असतो की चढावर उपयोगी पडत नाही. अशा वेळी अनेकजण ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. ते करू नये, कारण तितका वेळ कोरडी चकती घसरत आणि तापत राहते. ‘हिल होल्ड’, म्हणजे चढावर निघताना गाडी मागे न येऊ देणारी सोय, नसलेली एएमटी चढ-उतारांच्या भागात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक बाब विक्रेते क्वचितच सांगतात. बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’ ही पार्किंगची जागा नसते. हँडब्रेक ओढून आणि गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचे असते, म्हणजे उतारावर उभी करण्याची शिस्त अगदी मॅन्युअलसारखीच.

सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा पट्टा, एवढाच तिचा गाभा. पुलीच्या शंकूसारख्या बाजू जवळ किंवा लांब सरकल्या की पट्टा वर-खाली होतो आणि गुणोत्तर सलग बदलत जाते. बिनगिअरची स्कूटर चालवली असेल, तर हे तत्त्व तुमच्या अंगवळणी पडलेलेच आहे. मोटारगाडीत ते गाजवले १९५८ साली नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने, रबरी पट्टे वापरून. त्या गाडीला वेगळा रिव्हर्स गिअर नसल्याने ती पुढे जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके, ही गोष्ट मला आजही गमतीची वाटते. पुढे रबराची जागा पोलादी पट्ट्याने घेतली. १९९३ साली विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून तिची चाचणी घेतली होती; पुढच्या वर्षापासून नियमांनीच तिला बंदी घातली, त्यामुळे ती शर्यतीत उतरलीच नाही.

एवढे असूनही गाड्यांचे शौकीन सीव्हीटीची टिंगल करतात. तिला जोरात पळवले की इंजिन एकाच चढ्या सुरात ओरडत राहते आणि वेग मागून सावकाश येतो, जणू मध्ये रबर ताणला आहे. ही टिंगल खोटी नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी केलेली परीक्षा आहे. तीच गाडी शांतपणे चालवून पाहावी. झटका नाही, मान डुलत नाही, मागच्या सीटवर झोपलेले मूल जागे होत नाही. अनेक सीव्हीटींमध्ये पट्ट्याच्या आधी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलामार्फत ताकद पोहोचवणारा भाग, असतो, त्यामुळे गाडी उचलताना घसरते ते तेल आणि पहिले दहा मीटर अतिशय मऊ जातात. काही कंपन्या आता सॉफ्टवेअरने सीव्हीटीला खोटे गिअर बदलायला लावतात. ज्या दोषापासून ही रचना मुक्त होती तोच दोष तिला मुद्दाम शिकवायचा, हे मला कधीच पटलेले नाही. सीव्हीटी कोणी घेऊ नये, हेही सांगता येते. नेहमी भरगच्च सामान नेणारे, जड ट्रेलर ओढणारे किंवा घाटात जोर काढणारे लोक पट्ट्यावर जो ताण टाकतात, तो त्याला मानवत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर हा यांतला चांगलाच म्हातारा प्रकार आहे. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. त्यात इंजिनने फिरवलेले पाते तेल ढकलते आणि ते तेल समोरचे पाते फिरवते. दोघांमध्ये थेट सांधा नसतो. निघताना ही रचना ताकद वाढवूनही देते, म्हणून चढावर भरलेली गाडी ती सहज उचलते आणि ब्रेक सोडताच आपोआप पुढे सरकते. तेल घसरते म्हणून इंधन वाया जाते, ही जुनी तक्रार आता बरीच निकाली निघाली आहे, कारण गाडी चालू लागली की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पाती जोडून टाकतो. २००९ पासून बाजारात आलेल्या जेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सने तर वेग आणि काटकसर या दोन्ही बाबतींत दुहेरी क्लचवाल्यांनाही विचार करायला लावले. ज्यांना निर्णयाचा फार खल नको आहे आणि खिसा थोडा सैल सोडता येतो, त्यांनी बिनदिक्कत हाच प्रकार घ्यावा.

दुहेरी क्लचच्या डीसीटीवर माझे प्रेम आहे आणि म्हणूनच तिच्याबद्दल सर्वांत जास्त सावध करतो. तिच्यात विषम क्रमांकाचे गिअर एका क्लचवर आणि सम क्रमांकाचे दुसऱ्यावर असतात. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला असतो आणि बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. पोर्शेने ती १९८० च्या दशकात शर्यतींत वापरली आणि २००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून ती रस्त्यावर आली. मोकळ्या रस्त्यावर तिच्याइतकी तल्लख दुसरी नाही. पण पहिल्या दहा मीटरमध्ये तिला पुन्हा क्लचच घसरवावा लागतो, आणि तो कोरडा आहे की तेलात बुडालेला, हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारलाच पाहिजे. कोरडे क्लच सामान्यतः छोट्या इंजिनांबरोबर येतात आणि सतत सरकणाऱ्या कोंडीत तापतात. माझ्या एका सेकंडहँड गाडीत कोरड्या क्लचची डीसीटी होती. कडक उन्हातल्या कोंडीत तिने एकदा पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा दिला, आणि मी वीस मिनिटे रस्त्याच्या कडेला उभा राहून माझ्या आवडीनिवडीचा पुनर्विचार केला. तेलातले क्लच ही उष्णता चांगली सोसतात, मात्र त्यांचे तेल ठरलेल्या अंतराने बदलावे लागते आणि ते साध्या इंजिन ऑइलपेक्षा महाग असते.

काही हायब्रिड गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेले असते, तेव्हा गोंधळू नये. टोयोटाच्या १९९७ च्या प्रियसपासून चालत आलेल्या त्या रचनेत पट्टा नसतोच. ग्रहमालेसारखे दातेरी चक्र आणि दोन विजेच्या मोटारी मिळून ते काम करतात, आणि निघताना गाडी मोटारच उचलते. पूर्ण विजेवरच्या बहुतेक गाड्यांत तर बदलायला गिअरच नसतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे जवळपास मिटतो.

देखभालीच्या बाबतीत एक शब्द ग्राहकाला फार महाग पडतो, तो म्हणजे ‘आजीवन’. काही गाड्यांच्या गिअरबॉक्सचे तेल आजीवन चालते असे सांगितले जाते. कोणाच्या आयुष्यभर, हे मात्र सांगितले जात नाही. पहिला मालक चार-पाच वर्षांत गाडी विकतो आणि त्याच्या दृष्टीने ते विधान खरे ठरते. गाडी दहा वर्षे वापरायची असेल, तर सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या दोन्हींचे तेल मध्येच बदलून घ्यावे, आणि तेही त्या गिअरबॉक्ससाठी नेमून दिलेल्या प्रतीचेच. सीव्हीटीत चुकीचे तेल घातल्यास पट्टा घसरू शकतो आणि मग सगळा गिअरबॉक्सच धोक्यात येतो.

मग कोणी काय घ्यावे? वर्षाला थोडेच चालवणाऱ्या आणि गाडी चालवणे हा छंद मानणाऱ्याने मॅन्युअल. पैसे मोजके असतील, रस्ते सपाट असतील आणि आधी मॅन्युअलची सवय असेल, तर एएमटी. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन गर्दीत फिरणाऱ्याने सीव्हीटी. ओझे, चढ आणि दीर्घ वापर असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. डीसीटी त्याने घ्यावी ज्याचा रोजचा रस्ता बराचसा मोकळा आहे आणि ज्याला वॉरंटी वाढवून घेण्याचा खर्च खुपत नाही.

सेकंडहँड गाडी असेल, तर ती आधी तापवून ठेवलेली नको, थंड असतानाच दाखवा, असा आग्रह धरावा, कारण तेल गरम झाल्यावर काही दोष लपतात. आर (रिव्हर्स) आणि डी (ड्राइव्ह) यांच्यात दोन-तीनदा, दर वेळी पूर्ण थांबून, बदल करून पाहावा. गिअर पकडायला उशीर लागला किंवा धक्का बसला, तर किंमत कमी करण्यापेक्षा दुसरी गाडी पाहणे बरे. हलक्या पायाने सरकताना गाडी थरथरत असेल, तर तोही शुभशकुन नाही.

आणि नव्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला गेलात, तर विक्रेत्याला मोकळा रस्ता नको म्हणून सांगावे. जवळच्या एखाद्या चढाच्या मध्यावर गाडी थांबवावी, ब्रेक सोडून ती मागे येते का पाहावे, मग गाडी वळवून त्याच चढावर रिव्हर्समध्ये एक मीटरभर वर न्यावी आणि पुन्हा थांबवावी. विक्रेता जरा विचित्र नजरेने पाहील, पण पडद्याबद्दल बोलणे तेवढ्यापुरते थांबवेल.