टाळेबंदीतली घरपोच पिशवी : पाचपैकी चार तारे

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही पोट्ट्यांनी नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत किराणा पोचवायला घेतला. वसाहत १९७२ ची, म्हणजे ती माणसं आता शेजारीच आमची. तिथल्या माझ्या ओळखीच्या दोघी बहिणी, सतरा अन् एकोणीसच्या. आईबाप बाहेरगावी अडकलेले. पोट्टे सायकलीवर यायचे, पिशवी फाटकाला अडकवायचे अन् लांबूनच विचारायचे, "ताप-खोकला नाही ना जी?" पैशाची घाई कधी केली नाही.

यादी मात्र धड वाचत नव्हते. मैदा लिहिला तर कणीक आली! पोरींनी कणकीचेच मोमो केले. मीही खाल्ला एक. जाड होता, पण चटणीनं भागलं. मोबाइलचा रिचार्ज दोन दिवस उशिरा मारला, तोवर आईशी बोलणं बंद. एक तारा त्याचाच कापला.