खाणीचा कर: नफ्यावर की मालावर?

नागपूर जिल्ह्यात उमरेड, सावनेर, कामठी कुठेही खाणींचा विषय काढा, बहुतेक लोक म्हणतात, 'एवढं कमावतात, नफ्यावरच जबर कर लावा.' मलाही बरीच वर्षं हेच पटायचं. पण जनसुनावणीत मत मांडायला उभं राहायचं असेल, तर आधी एवढं पाहा: पैसा शेवटी येतो कुणाच्या हाती?

नफ्यावरचा कर तत्त्वाने रास्त आहे. मँगनीजचे भाव चढले की सरकारचा वाटा वाढतो, पडले की कंपनीवरचा बोजा उतरतो. अडचण अशी की नफा हिशेबाच्या वहीत ठरतो. ऑस्ट्रेलियात २०१० साली ४० टक्के कराचा प्रस्ताव आला. खाण कंपन्यांनी विरोधात जाहिरातींचा धडाका लावला, जनमत दुभंगलं. शेवटी २०१२ मध्ये कोळसा आणि लोहखनिजावर बराच सौम्य कर लागला. त्यातही वजावटी एवढ्या की पहिल्या सहा महिन्यांत जेमतेम १२.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. २०१४ मध्ये तो रद्दच झाला. आपल्याकडे तर शेती सोडून बाकी उत्पन्नावरचा कर केंद्राच्या अखत्यारीत. म्हणजे खड्डा उमरेडला, वसुली दिल्लीची.

रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल खाणीने द्यायचा मोबदला, मालावर लागते आणि राज्याला मिळते. कोळशावर ती किमतीच्या १४ टक्के. ट्रक काट्यावर चढतो, वजनाची पावती निघते. तिथे वजावटीला जागा नाही. तोटा झाला तरी रॉयल्टी भरावीच लागते, हा तिचा दोष मान्य. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२४ ला रॉयल्टी म्हणजे कर नव्हे, असं सांगून राज्यांचा खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकारही मान्य केला आहे.

आपल्या कामाचा मुद्दा मात्र जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या गावांसाठीच्या जिल्ह्याच्या निधीचा. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम तिथे वेगळी भरावी लागते. शंभर रुपयांच्या कोळशामागे ४ रुपये २० पैसे, पाणी, दवाखाने, शाळांसाठी, जिल्ह्यातच. लिलावाने दिलेल्या नव्या खाणींना १० टक्केच, म्हणजे १ रुपया ४० पैसे. हे मला अजिबात पटत नाही. कन्हानला सकाळी पुसलेली ओसरी दुपारी काळी होते, ती धूळ खाणपट्ट्याची तारीख बघून बसत नाही.

म्हणून माझं मत मालावरच्या वसुलीला. सुनावणीत दोनच मागण्या मांडा: नव्या खाणींनाही ३० टक्के लावा, आणि प्रतिष्ठानच्या पैशातून आपल्या गावात काय झालं त्याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा.