शाळेशी वाद झाल्यास: मध्यस्थी की आयुक्तांकडे तक्रार?

डिस्लेक्सिया किंवा ऑटिझम असलेल्या मुलावरून शाळेशी मतभेद झाला, की इंदूरच्या पालकांसमोर प्रामुख्याने दोन मार्ग असतात: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करणे, किंवा भोपाळला राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करणे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, 2016 मधील सर्वसमावेशक शिक्षणाविषयीचे कलम 16 मान्यताप्राप्त खाजगी शाळांनाही कवेत घेते, त्यामुळे "आमच्याकडे तशी सोय नाही" एवढ्यावर कोणत्याही शाळेला विषय संपवता येत नाही.

मूल त्याच शाळेत राहणार असेल आणि प्रश्न मदत किती व कशी द्यायची एवढाच असेल, तर आधी मध्यस्थी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण निकाल काहीही लागला तरी दुसऱ्या दिवशी मुलाला त्याच वर्गशिक्षिकेसमोर बसायचे असते. विधी सेवेची मदत बालकांना आणि दिव्यांगांना मोफत मिळते. मात्र शाळा चर्चेला आलीच नाही, तर हा मार्ग तिथेच खुंटतो.

आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो आणि त्यावर काय केले, हे कळवण्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते, म्हणजे तेवढ्यात सत्र उलटून जाते. तरीही प्रवेश नाकारला असेल किंवा दाखला काढून न्या असे सुचवले जात असेल, तर चर्चेत वेळ न दवडता तक्रारच करावी.

मध्यस्थीत खरी कसोटी मसुद्याची असते. "शाळा शक्य ती मदत करील" या वाक्याने काहीच हाती लागत नाही. "दर मंगळवारी व शुक्रवारी दुसऱ्या तासाला विशेष शिक्षिका 40 मिनिटे वाचन घेतील, शॅडो टीचरचे (वर्गात मुलासोबत बसून मदत करणाऱ्या शिक्षिकेचे) मानधन अमुक देईल आणि दिवाळीनंतर आढावा होईल" असे लिहून घ्यावे. समझोता लोकअदालतीत नोंदवला, तर त्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळते, पण त्यावर अपील नसते. म्हणून मसुदा घरी आणून थेरपिस्टला दाखवल्याशिवाय सही करू नये. सीबीएसईच्या परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला तासामागे 20 मिनिटे जादा मिळतात. असा नियमानेच मिळालेला हक्क देवाणघेवाणीत मांडू देऊ नये.