ग्रँड हेवनची चार्टर बोट: पाण्याचे थर ओळखणारा कॅप्टन

लेक मिशिगन या अमेरिकेतल्या प्रचंड गोड्या सरोवरावर सॅल्मन मासे गरवायला जायचं असेल, तर चार्टर बोट (कॅप्टनसकट भाड्याने मिळणारी) ठरवण्याआधी कॅप्टनला फोनवर एक प्रश्न विचारा: "चोपन्न डिग्री फॅरनहाइटचं पाणी सध्या किती खोल आहे?" जो आकडा सांगेल आणि तो कधी मोजला हेही सांगेल, त्याच्याकडे बिनधास्त पैसे भरा. मला हे कळायला एक अख्खी फुकट गेलेली सकाळ लागली.

ती सकाळ मागच्या ऑगस्टची, आणि बोट दुसरी. आदल्या दिवशी नव्वद फुटांवर मासे लागले होते, म्हणून त्या कॅप्टनने आमचेही गळ नव्वद फुटांवर सोडले आणि पाच तास ते तिथेच ठेवले. मधल्या काळात वारा फिरला होता, हे त्याने लक्षातच घेतलं नाही. तळातून लेक ट्राउट जातीचा एक मासा आला, बाकी काही नाही. माझे बाबा वेंगुर्ल्याहून पहिल्यांदाच आले होते, जन्मभर गरी टाकून मासे धरलेला माणूस. परतताना ते गप्प बसून होते. मला फार लागलं ते.

या जुलैत बाबा पुन्हा आले, तेव्हा ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने ही बोट सुचवली. कॅप्टन प्रसिद्धीला लाजणारा आहे, त्याला न विचारता नाव इथे टाकत नाही. ग्रँड रॅपिड्सहून पाऊण तासात आपण ग्रँड हेवनला पोचतो. ग्रँड नदी जिथे लेकला मिळते, तिथल्याच धक्क्यावरून बोट सुटते. लाल दीपगृह डाव्या हाताला ठेवून बाहेर पडायचं.

आदल्या संध्याकाळी आम्ही पुळणीवर फिरायला गेलो होतो. दोन दिवस ईशान्येचा वारा होता. तीन दिवसांपूर्वी माझी मुलं ज्या पाण्यात तासभर डुंबत होती, त्याच पाण्यात बाबांनी पाय घातला आणि झटक्यात मागे घेतला. "मतलई वारो सुटलो हा, गो," ते म्हणाले.

शाळेत आपण सगळेच खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो. लेक मिशिगनच्या या पूर्व किनाऱ्यावर मतलई, म्हणजे जमिनीवरून पाण्याकडे वाहणारा वारा, किंवा उत्तरेचा वारा, दोन दिवस टिकला की वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून आत ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. उन्हाळ्यात या लेकमध्ये पाण्याचे सरळ थर लागलेले असतात. वर ऊन खाऊन हलकं झालेलं, वीस-एकवीस अंश सेल्सियसचं. तळाला चार-पाच अंशांचं, कारण पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं आणि खालीच बसून राहतं. या दोहोंच्या मधे एक पातळ पट्टा असतो. तिथे दोन-चार वावांतच तापमान धाडकन उतरतं. किंग सॅल्मन, म्हणजे चिनूक, साधारण दहा ते तेरा अंशांचं पाणी धरून राहतो आणि ते पाणी त्याला या पट्ट्यातच मिळतं. पट्टा वर-खाली झाला की मासाही त्याच्याबरोबर हलतो. नव्वद फूट हा आकडा कालचा असतो, आजचा नव्हे.

या कॅप्टनने हे सगळं आदल्या रात्री फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. वारा फिरलाय, लांब जायची गरज नाही, साडेपाचला या.

बंदराबाहेर पडल्यावर त्याने गळ सोडले नाहीत. आधी नुसताच डाउनरिगरचा (गळ हव्या त्या खोलीवर नेणाऱ्या यंत्राचा) गोळा खाली सोडला. हा बारा पौंडांचा शिशाचा गोळा तारेवर असतो, त्याच्या वर तापमान मोजणारा प्रोब अडकवलेला. आकडे समोरच्या पडद्यावर दिसतात. पृष्ठभागावर 58 फॅरनहाइट. तीस फुटांवर 54, म्हणजे साधारण बारा अंश सेल्सियस. चाळीसला 49. पन्नासच्या पुढे 44 आणि तिथून तळापर्यंत जवळजवळ तेवढंच. बाबा पडद्याच्या अगदी पुढ्यात उभे राहून प्रत्येक आकडा वाचत होते. फॅरनहाइटचं सेल्सियस मी करत होते, फुटांचे वाव ते स्वतः करत होते. "तीस फूट म्हणजे पाच वाव. एवढ्याच पाण्यात?" गोळा वर आला तेव्हा त्यांनी त्याला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनारवरही तो पट्टा दिसतो. संवेदनशीलता वाढवली की पडद्यावर धुरकट रेघ उमटते. पण रेघेवरून डिग्री कळत नाही, म्हणून प्रोब हवाच. शिवाय बोट चालू असताना तार मागे ओढली जाते. सोडलेल्या तारेचं मोजणीयंत्र चाळीस फूट दाखवतं तेव्हा गोळा त्याहून वर असतो. कॅप्टन वेग बदलला की प्रोबचा आकडा पुन्हा बघत होता. रेडिओवर दुसऱ्या बोटीने खोली विचारली, तर त्याने खोली न सांगता डिग्री सांगितली.

पहिला मासा पावणेसातला लागला. रॉड बाबांच्या हातात दिला. वीस मिनिटं झुंज चालली, दोनदा माशाने दोर पळवला. बोटीवरचा मदतनीस पोरगा त्यांना हात लावायला पुढे झाला, तर बाबांनी मानेनेच नको म्हटलं. चौदा पौंडांचा किंग. त्यानंतर आणखी तीन आले, सगळे पंचवीस ते चाळीस फुटांच्या दरम्यान.

धक्क्यावर मासे साफ करून मिळतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पोट चिरल्यावर आत एलवाइफ नावाचे रुपेरी मासे निघाले. बाबा लगेच म्हणाले, "हे तर पेडवे!" चुकीचं नाही, दोन्ही एकाच हेरिंगच्या गोतावळ्यातले. अटलांटिकमधून आलेले हे मासे इथे इतके माजले होते की 1967 च्या उन्हाळ्यात मरून किनाऱ्यांवर त्यांचे ढीग लागले. त्यांना खायला म्हणूनच मिशिगन राज्याने 1966 साली कोहो (हाही सॅल्मनच) आणि पुढच्या वर्षी चिनूक या लेकच्या नद्यांत सोडले. सॅल्मन इथला मूळचा नव्हे, हे मला बारा वर्षं इथे राहून त्या ओट्यावर कळलं.

आता खटकलेल्या गोष्टी. बोटीवर आडोसा अगदी तोकडा आहे. थंड पाणी वर आलं की जुलैतही पहाटे हवा बोचते. बाबांना माझी शाल द्यावी लागली. वयस्कर माणसं नेणार असाल तर कानटोपी न्याच, आणि कॅप्टनने फोनवर हे आधीच सांगायला हवं होतं. शौचालय आहे, पण आत वळायला जागा नाही. कॅप्टन प्रश्नांची उत्तरं मनापासून देतो, फक्त गळ पाण्यात असताना देत नाही.

चौघांचे मिळून पाच तासांचे साडेसहाशे डॉलर झाले, मदतनिसाची टिप वेगळी. मासेमारीचा परवाना आपापला काढायचा. स्वस्त नाही, पण प्रोबवर आणि तो वाचण्यावर ज्याने एवढी मेहनत घेतलीय त्याला द्यायला मला जड गेलं नाही. पाचपैकी साडेचार तारे.

एक सूचना. हे गणित आतल्या लहान तळ्यांना जसंच्या तसं लावू नका. लेक मिशिगनच्या तळाशी प्राणवायू असतो, म्हणून तिथे ट्राउट राहू शकतो. कित्येक लहान तळ्यांत ऑगस्टपर्यंत खालच्या थरातला प्राणवायू संपतो, तिथे पट्ट्याच्या खाली गळ सोडण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर बाबांनी वेंगुर्ल्याहून आणलेली तिरफळं काढली आणि बांगड्याचं करतात तसं कालवण केलं. सॅल्मन तेलकट, त्याला तिरफळ छान लागतं. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारचं बुकिंग आम्ही त्याच रात्री केलं. तोवर बाबा रोज सकाळी खिडकी उघडून वारा कुठला आहे ते बघतात आणि मला सांगतात.