खत उत्तम, पण विस्तार करण्याआधी दुर्गंधीचे काय?

वस्तीला लागून असलेल्या या खतप्रकल्पाचे खत मी बागेसाठी नेहमी आणतो आणि त्याबद्दल तक्रारीला जागा नाही: ते काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला ओल्या मातीचा स्वच्छ वास येतो. शेजारी म्हणून मात्र मला चिंता वाटते.

ढिगातील ओलावा 60 टक्क्यांच्या बराच वर गेला आणि हवा खेळती राहिली नाही, की ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू बळावतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे दुर्गंधीयुक्त वायू सुटू लागतात. सुका पालापाचोळा कमी पडला तर त्यात अमोनियाची भर पडते. येथे ढीग परतण्याचे काम वारा वस्तीकडे वाहत असतानाही चालते, त्यामुळे भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसावे लागते. ढीग परतताना उडणाऱ्या धुळीबरोबर ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणूही उडू शकतात आणि दमेकऱ्यांसाठी ही गंभीर बाब आहे. कुंपणाबाहेरच्या चरात पावसाळ्यात काळपट पाणी साचते, ते विहिरींपर्यंत झिरपते का, याची तपासणी झालेली आम्हाला कोणी दाखवलेली नाही.

कर्मचारी सौजन्याने बोलतात, हे नमूद करायला हवे. तरीही क्षमता वाढवण्यापूर्वी पक्की फरशी, झिरपणाऱ्या पाण्यासाठी टाकी, बंदिस्त शेड आणि बाहेर जाणारी हवा लाकडी भुश्शातून गाळणारी जैवगाळणी उभारलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. खताला पाचपैकी पाच तारे, प्रकल्पाला सध्या दोनच.