मागच्या सीटवरची तक्रार आणि उद्यमनगरातलं एक एसीचं गॅरेज

माझी सात सीटर गाडी आहे, स्वतःच चालवतो. कोल्हापूर–पुणे, कोल्हापूर–गणपतीपुळे, लग्नसराईत मिळेल तिकडं. एप्रिलपासून एकच वाक्य ऐकत होतो, "काका, मागं एसी लागलाय का?" लागलेला असायचा. पुढं माझ्या बोटांना गारठा यायचा आणि तिसऱ्या रांगेतल्या आजी पदरानं वारा घेत बसायच्या. एकदा मलकापूरच्या पुढं एका पाहुण्यानं सरळ सांगितलं, भाड्यातले पाचशे कमी देणार. दिलेही कमीच.

आधी एका दुकानात दोनदा गॅस भरून घेतला. दोन्ही वेळा तीन आठवडे बरं चाललं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्यांदा तिथं सांगितलं, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेलाय, अठ्ठावीस हजार. दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहून माझे पैसे परत येणार नाहीत.

मग एका ट्रकवाल्या मित्रानं कोल्हापूरच्याच शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजचं नाव सुचवलं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग. मिस्त्री साठीचे असतील. बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, "थांबा पाव्हणं, आधी सांगा. मागं गार होत नाही की मागं वाराच येत नाही?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मला स्वतःलाही पडला नव्हता.

मग पुढचे प्रश्न. सकाळी होतं का दुपारी? गाडी पळताना का सिग्नलला? मी म्हणालो, सकाळी सातला मागं ठीक असतं, दुपारी बारानंतर बोंब. त्यांनी मान हलवली आणि थेट तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. खिशातून रुमाल काढून एकेका झरोक्यापुढं धरला. रुमाल फडफडला, पण मरगळल्यासारखा. मग डिकीतल्या बाजूच्या प्लॅस्टिकमधली जाळी दाखवली. मागचा ब्लोअर, म्हणजे हवेचा पंखा, आतली हवा तिथूनच ओढतो म्हणे, आणि मी गेली चार वर्षं स्टेपनीचा जॅक, पाण्याचे कॅन आणि ताडपत्री नेमकी तिथंच रचतोय. जाळीत शेंगदाण्याची टरफलं, गजऱ्याची सुकलेली फुलं आणि एक बसचं तिकीट निघालं. साफ केल्यावर रुमाल नीट उडाला.

वारा वाढला, गारवा नाही. आता त्यांनी दूध संकलनावाले वापरतात तसला काट्याचा थर्मामीटर झरोक्यात खोचला. एसी फुल्ल, बाहेरची हवा बंद, दहा मिनिटं. पुढं ९ अंश, मागं २१.

मी म्हणालो, कॉम्प्रेसर गेलाय म्हणतात. ते हसले. कॉम्प्रेसर गाडीत एकच असतो, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सरही एकच. कूलिंग कॉइल मात्र दोन, एक डॅशबोर्डमागं, एक मागं, आणि प्रत्येकीला स्वतःचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कॉइलमध्ये गॅस मापात सोडणारी झडप. पुढं नऊ अंश देणारा कॉम्प्रेसर मेलेला कसा? (सगळ्याच गाड्यांना मागं वेगळी कॉइल नसते, हेही तिथंच कळलं. काहींत पुढचीच गार हवा नळीनं मधल्या कन्सोलपर्यंत आणतात. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी विचारा, नाहीतर नसलेल्या कॉइलच्या सर्व्हिसिंगचं बिल भराल.)

गॅसचा दाब मोजायचा गेज त्यानंतर लावला. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारा गॅस) १८ पीएसआय, हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारा) १४०. इतक्या उन्हात लोला ३० ते ४० आणि हायला दोनशेच्या वर दिसायला पाहिजे. दोन्ही काटे खाली, म्हणजे गॅस कमी. मी कपाळाला हात लावला, पुन्हा गॅसच! पण त्यांनी भरला नाही. मशिननं होता तेवढा काढून वजन केलं, ५२० ग्रॅमच निघाला. बॉनेटखालच्या स्टिकरवर ९०० लिहिलंय. "गॅस काय डिझेल आहे का जळायला? कमी झाला म्हणजे कुठंतरी भोक आहे."

मग मागंच का तापतं, हेही त्यांनी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. पुढच्या कॉइलला पाइप हातभर. मागच्या कॉइलला चेसिसखालून पार डिकीपर्यंत. गॅस कमी असला की द्रवाऐवजी फेस धावतो, आणि लांबच्या कॉइलची उपासमार आधी होते. नळाला पाणी कमी आलं की गल्लीच्या टोकाच्या घराची कळशी रिकामी राहते, तसंच. सकाळी उष्माच कमी असल्यानं उरलेल्या गॅसवर भागायचं.

गाडी रॅम्पवर घेतली. डाव्या मागच्या चाकाच्या आत, अ‍ॅल्युमिनियमचा पाइप जिथं पत्र्याच्या क्लॅम्पमधून जातो, तिथं चिखलाचा एक काळा, तेलकट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, ते गळतं तिथं धूळ चिकटते. क्लॅम्पमधलं रबर गेलेलं, पाइप पत्र्यावर घासून झिजलेला. त्यात आंबा घाटातला पावसाळी चिखल आणि पुळ्याची खारी हवा. नायट्रोजन मारून साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे. तो फुगा बघून मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

मी वाट बघत असताना गडहिंग्लजकडची एक गाडी आली, तिचं उलटं, मागं गार आणि पुढं कोमट. मिस्त्रींनी तिचा गॅस बघितलाही नाही. मागं गार आहे म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर सगळं धडधाकट. डॅशबोर्डमधला हीटरचा फ्लॅप अर्धवट उघडा अडकला होता. पाऊण तासात गाडी गेली.

माझ्या गाडीला दोन दिवस लागले. पाइपला आर्गन वेल्डिंग, नवी रबरं, नवा ड्रायर (सिस्टिम उघडली की तो बदलावाच लागतो, ओलावा धरून बसतो), मग पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि ओलावा पंपानं ओढून काढणं. काटा पाऱ्याच्या २८ इंचांशी थांबला. मला वाटलं पंप कमजोर, तीस का नाही? म्हणाले, तीस रत्नागिरीत समुद्राकाठी येईल, आपण साडेपाचशे मीटर उंचावर बसलोय, इथं हवेचा दाबच कमी. मग आर-१३४ए गॅस वजनावर मोजून ९०० ग्रॅम.

शेवटचं माप, पुढं ७, मागं ११. मागचा व्हॉल्व्हही बदलू का, असं मीच विचारलं. नको म्हणाले. मागं काच जास्त, छप्पर तापलेलं, तीन-चार अंशांचा फरक राहणारच, आणि व्हॉल्व्ह अडकला असता तर गॅस पुरा भरूनही मागचा जाड पाइप कोमटच राहिला असता. हात लावून बघितला, घाम सुटलेला गार पाइप.

बिल ६,९०० झालं. वेल्डिंग ९००, ड्रायर १,१००, गॅस-तेल २,४००, मजुरी २,५००.

आता रडगाणं. संध्याकाळी देतो म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दिली, माझं पंढरपूरचं भाडं गेलं. फोन उचलत नाहीत. बसायला एक तेलाचा डबा. गॅरेजातल्या पोरानं मागच्या सीटच्या पांढऱ्या कव्हरवर ग्रीसचा पंजा उमटवला आणि डिकीच्या पॅनेलची एक क्लिप मोडली, खड्ड्यात अजून कडकड वाजते. क्लिप आणून देतो म्हणाले, दोन महिने झाले.

पाचपैकी चार देतो. एक त्या पंढरपूरच्या भाड्याचा कापला. जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, दोन दिवस भाडं घेऊ नका, सीटवर जुनी चादर टाका आणि डिकी घरीच रिकामी करा. जुनं बिल असेल तर बरोबर ठेवा, गॅस याआधी कधी भरला ते मिस्त्री पहिल्यांदा विचारतात.