डबीवर ‘अभ्रक’, आत प्लॅस्टिक

मिरजेत माझं लहानसं पार्लर आहे. गेल्या लग्नसराईत नवरीच्या पापण्यांवरची चमक मी स्वतःच मिसळायला लागले, कारण तयार शॅडोच्या एका पॅलेटच्या पैशात दहा रंगांची पूड मिळत होती. ऑनलाइन जाहिरात होती: ‘झारखंडच्या कोडरमाचं शुद्ध नैसर्गिक अभ्रक, कॉस्मेटिक ग्रेड’. दहा डब्यांचे १,८५० रुपये, यूपीआयने आधी भरायचे. डब्या आल्या त्या इतक्या देखण्या, की त्यातल्या तीन मी ओळखीच्या पार्लरवाल्यांना विकूनही टाकल्या.

अगदीच डोळे मिटून घेतल्या होत्या असं नाही. प्रमाणपत्र मागितलं होतं. पाच मिनिटांत पीडीएफ आलं: अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साइड, आयर्न ऑक्साइड. चांगल्या ब्रँडच्या डबीवर हीच नावं असतात, म्हणून मी निश्चिंत झाले. खरं तर फसवणूक त्या कागदावरच दिसत होती. दहाही रंगांना एकच यादी! आयर्न ऑक्साइड म्हणजे गंजाचा भाऊबंद. त्यातून पिवळा, तांबडा, काळा मिळतो. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर कमी-जास्त केला की निळसर किंवा हिरवट झाक येते, पण पूड पांढरीच दिसते. गडद निळ्यासाठी सहसा अल्ट्रामरीनसारखा वेगळा रंग लागतो, आणि तो यादीत यायला हवा. माझी निळी डबी तर शाईसारखी होती.

मावसबहिणीच्या हळदीला मी तिच्या डोळ्यांवर सोनेरी लावला. रात्री अकराला तिचा फोन, “ताई, डोळा उघडतच नाहीये.” सकाळी डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावर ओरखडा होता, आणि वरच्या पापणीच्या आत कण अडकला होता. लग्नाच्या फोटोंत तिचा डावा डोळा लालच आहे.

छडा लावला बाबांनी. त्यांचं इस्त्री-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. जुन्या इस्त्रीत कॉइलपाशी अभ्रकाचे पत्रे असतात, ते त्यांनी आयुष्यभर हाताळलेले. म्हणाले, “अभ्रक आचेवर जळत नाही गं. आण ती डबी.” दुकानाबाहेर पत्र्यावर चिमूटभर सोनेरी पूड ठेवून खालून आच दिली. पूड आकसली, तिचा गोळा झाला आणि जळक्या पिशवीचा वास सुटला. (घरात गॅसवर हे करू नका, धूर वाईट असतो.) नंतर भिंगातून पाहिलं तर कण सगळे एका मापाचे, षटकोनी. खाणीतलं अभ्रक कुणी असं कापत बसत नाही. शोभेच्या कामाची प्लॅस्टिकची चमकी होती ती.

निळी पूड मात्र जळली नाही. म्हणजे ती चांगली, असंही नाही. अभ्रक जमिनीतून येतं, त्यात शिशासारख्या धातूंचा अंश असू शकतो, आणि तो आचेवर कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. शिशाची आणि आर्सेनिकची संयुगं सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी वापरायला आपल्याकडे बंदी आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाला मी उगाच भुलले. शिवाय त्याच कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यात लहान पोरं टाकाऊ अभ्रक, तिथल्या बोलीत ‘ढिबरा’, वेचतात, हे नंतर वाचलं तेव्हा त्या जाहिरातीची चीडच आली. प्रयोगशाळेत बनवलेलं अभ्रकही मिळतं. यादीत ते ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ या नावाने येतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “मॅडम, स्किन सेन्सिटिव्ह असेल.” दुसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉक केलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायला बसले, तेव्हा डबी पहिल्यांदा नीट वाचली. उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही. नुसतं ‘कॉस्मेटिक ग्रेड’, तेही घरच्या प्रिंटरवर छापल्यासारखं. विक्रेत्याचा पत्ता लिहायच्या रकान्यात माझ्याकडे लिहायला काहीच नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत.

विकलेल्या तीन डब्या परत आणायला गेले. दोघींनी लगेच दिल्या. तिसरी म्हणाली, “अगं, ती तर संपली. गॅदरिंगला पंचवीस पोरींना लावली.”